यू-विनवर लसीकरणाची नोंद: आधी शोधा, मगच नवी नोंद करा

बाळाला पेंटाव्हॅलंटचे (पाच आजारांवरची एकत्रित लस, थोडक्यात पेंटा) तिन्ही डोस मिळालेले असतात, तरी यू-विन या सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या ॲपवर, ड्यू लिस्टमध्ये म्हणजे डोस देय असलेल्या बाळांच्या यादीत, ते पहिल्या डोससाठी दिसतं. आशाताई घरी जातात, आई कार्ड दाखवते आणि दोघीही वैतागतात. त्याच गावात एकही डोस न मिळालेलं दुसरं एक बाळ असतं, पण ते कुठल्याच यादीत नसतं. पहिल्या बाळाच्या दोन नोंदी झालेल्या असतात आणि दुसऱ्याची एकही नसते. महिन्याची बेरीज मात्र जुळलेली दिसते.

हा लेख आरोग्यसेविका, आशा, प्रसूतिगृहातल्या परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. कुठलं बटण कुठे आहे हे इथे सांगितलेलं नाही, कारण ॲपचं रूप बदलत राहतं. कामाचा क्रम मात्र बदलत नाही आणि सगळ्यात जास्त चुका या क्रमातच होतात.

## टप्पा १: सत्राच्या आधीची तयारी

यू-विनवरची ड्यू लिस्ट ही तयारीची सुरुवात आहे. तिच्यात फक्त आधीच नोंदवलेली बाळं येतात. ज्याची नोंदच झाली नाही ते बाळ ही यादी कधीच दाखवणार नाही. त्यामुळे तीन गोष्टी शेजारी ठेवून बसा: यू-विनची ड्यू लिस्ट, उपकेंद्राचं रजिस्टर आणि आशांनी घरोघरी केलेली ताजी गणना.

एकेक नाव तिन्हीकडे पाहा.

- तिन्हीकडे असलेल्या नावापुढे टिक करा.
- रजिस्टरमध्ये किंवा गणनेत आहे पण यू-विनवर नाही, अशा नावापुढे ‘शोध’ लिहा. ‘नवी नोंद’ असं आत्ताच लिहू नका. ते बाळ दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या नंबरवर असण्याची शक्यता मोठी असते.
- यू-विनवर आहे पण गावात सापडत नाही, अशा नावापुढे ‘स्थलांतर’ लिहा आणि कुटुंब कुठे गेलं ते शेजाऱ्यांकडून विचारून घ्या.

गणना करताना वीटभट्टी, बांधकामावरच्या झोपड्या, पालं आणि गावाबाहेरची शेतवस्ती सुटणार नाही याची खात्री करा. एकही डोस न मिळालेली बाळं बहुधा तिथेच असतात.

त्यानंतर सत्र तयार करा: ठिकाण, तारीख, वेळ, लस देणाऱ्या ताईंचं नाव आणि सत्रात मिळणाऱ्या लसी. हे काम सत्राच्या सकाळवर ढकलू नका. सकाळी लॉगिन अडलं किंवा सत्र यादीत दिसलं नाही, तर दिवसभर कागदावर लिहिणं आणि संध्याकाळी आठवून भरणं एवढंच उरतं. बिघडलेल्या नोंदींचा मोठा वाटा अशा संध्याकाळीच तयार होतो.

तपासा, आदल्या दिवशी: ॲप अद्ययावत आहे का? तुमच्या स्वतःच्या लॉगिनने उघडतं का? उद्याचं सत्र दिसतं का? सत्राच्या जागी नेटवर्क असतं का? फोन चार्ज आहे का, पॉवर बँक आहे का? टॅली शीट (सत्रात दिलेल्या डोसांची कागदी नोंद) आणि कोरी माता-बाल संरक्षण कार्डं सोबत आहेत का?

## टप्पा २: शोध

या टप्प्याला घाई चालत नाही. शोध घेण्यात दोन मिनिटं जातात, चुकून झालेली दुसरी नोंद निस्तरण्यात महिने जातात.

आपल्याकडे एकाच बाळाच्या दोन नोंदी का होतात, हे आधी समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. जन्माच्या वेळचे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी तिकडच्या रुग्णालयात दिले जातात आणि नोंद तिकडच्या तालुक्यात होते. मोबाईल नंबर बाळाच्या आजोबांचा किंवा मामाचा असतो. बारसं झालेलं नसतं, म्हणून नाव ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव एवढंच असतं. आईच्या जुन्या ओळखपत्रावर माहेरचं आडनाव असेल तर तेच चढतं. दीड-दोन महिन्यांनी ती सासरी येते. आता बाळाला नाव आहे, वडिलांचं आडनाव आहे आणि नंबर वडिलांचा आहे. वडिलांच्या नंबरवर काही सापडत नाही आणि नवी नोंद होते. एका बाळाची दोन बाळं झाली. पहिल्या नोंदीवरचं बाळ आता आयुष्यभर ‘पेंटा-१ बाकी’ दाखवणार आणि दुसऱ्या नोंदीवरच्या बाळाला बीसीजी मिळालीच नाही असं दिसणार.

कोविडच्या काळात को-विनवर हेच मोठ्या माणसांच्या बाबतीत झालं होतं. पहिला डोस मुलाच्या नंबरवर, दुसरा स्वतःच्या नंबरवर, आणि हातात दोन्ही प्रमाणपत्रं पहिल्या डोसची. शेवटी अशी प्रमाणपत्रं एकत्र करण्याची सोय को-विनवर द्यावी लागली. तेव्हा माणूस स्वतः तक्रार करू शकत होता. दीड महिन्याचं बाळ तक्रार करत नाही.

म्हणून शोध या क्रमाने घ्या:

1. कार्डावर किंवा आलेल्या एसएमएसमध्ये नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. असेल तर काम तिथेच संपलं.
2. आईचा मोबाईल नंबर टाका. मग वडिलांचा, मग आजोळचा. आईला सरळ विचारा: “ताई, बाळ झालं तेव्हा दवाखान्यात कुणाचा नंबर दिला होता?” ‘तुमचा नंबर सांगा’ असं विचारलं तर आजचा नंबर मिळतो, आपल्याला हवा असतो तेव्हाचा.
3. आईची गरोदरपणातली नोंद शोधा. धनुर्वाताचे टीडी डोस ज्या नोंदीवर आहेत, तिथून बाळापर्यंत पोहोचता येतं.
4. तरीही नाही सापडलं, तर बाळ जिथे जन्मलं त्या रुग्णालयाला किंवा तिथल्या आरोग्यसेविकेला फोन करा.

नावाने शोधताना इंग्रजी स्पेलिंगचा विचार करा. एकच जाधव आडनाव पश्चिम महाराष्ट्रात व्हीने संपतं आणि विदर्भात अनेकदा ओने. सुनीतामध्ये आय एकदा की ई दोनदा, शिंदेमध्ये एच आहे की नाही, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असतं. जुळ्या बाळांच्या दोन नोंदी असायलाच हव्यात, तेव्हा एक सापडली म्हणून थांबू नका आणि दोन दिसल्या म्हणून त्यांना दुबार समजू नका. लिंग आणि जन्मवेळ पाहा.

सावधान: सत्रात गर्दी असेल आणि शोधायला वेळ नसेल, तर लस द्या, कार्डावर आणि टॅली शीटवर लिहा आणि त्या नावापुढे ‘शोध बाकी’ अशी खूण करून त्याच दिवशी शोधा. नोंदीसाठी बाळाला बिनलशीचं परत पाठवू नका. आणि शोध टाळण्यासाठी नवी नोंदही करू नका.

## टप्पा ३: नवी नोंद करायचीच असेल तर

जन्मतारीख कागदावरूनच घ्या: जन्म दाखला, डिस्चार्ज कार्ड किंवा माता-बाल संरक्षण कार्ड. ‘आषाढात झाला’ यावरून अंदाजाने महिन्याची १ तारीख टाकू नका. दिवस आणि महिना उलटे पडले नाहीत ना, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. ०३-०७ ला ‘तीन जुलै’ असं म्हणा, म्हणजे ती लगेच दुरुस्त करेल. पुढची प्रत्येक देय तारीख या एका आकड्यावर ठरते.

मोबाईल नंबर घरातला हवा. आशाताईंनी किंवा आरोग्यसेविकेने स्वतःचा नंबर वस्तीतल्या सगळ्या बाळांना देऊ नये. ओटीपी लवकर मिळतो म्हणून हे केलं जातं, पण मग पुढच्या डोसची आठवण आईपर्यंत जात नाही आणि प्रमाणपत्रही तिला उतरवून घेता येत नाही. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर वडिलांसोबत कामावर जात असेल, तर त्यांना फोन करून ओटीपी मागावा लागतो. ते त्रासाचं आहे, तरी तेच करा.

आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) नसेल तर लस अडत नाही. तो काढणं ऐच्छिक आहे, हे कुटुंबाला नीट सांगा.

आधी घेतलेले डोस कार्डावरच्या खऱ्या तारखेने भरा. आज नोंद करतो म्हणून आजची तारीख टाकली, तर मागच्या महिन्यात खासगी दवाखान्यात दिलेला डोस आज दिल्यासारखा दिसतो आणि पुढचा डोस विनाकारण चार आठवडे पुढे जातो. कार्ड हरवलं असेल तर अंदाजाने तारखा रचू नका. आधी जुनी नोंद शोधा. नाहीच मिळाली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून पुढे जा.

सावधान: वय बसत नाही किंवा दोन डोसांतलं अंतर पुरत नाही म्हणून सिस्टिमने नोंद नाकारली, तर जन्मतारीख बदलून ती पुढे ढकलू नका. पेंटाव्हॅलंटच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आधीच्या डोसनंतर पंचविसाव्या दिवशी आलेल्या बाळाला सिस्टिम अडवत असेल तर तिचं बरोबर आहे. पुढची तारीख कार्डावर लिहून द्या.

## टप्पा ४: सत्र चालू असताना

टेबलावरचा क्रम असा ठेवा: ओळख, कार्ड पाहणं, देय लसी ठरवणं, लस देणं, यू-विनवर डोसची नोंद, कार्डावर नोंद, आईला चार गोष्टी सांगणं, अर्धा तास थांबवणं.

डोसची नोंद लस दिल्यानंतर लगेच करायची. आधी नाही आणि संध्याकाळीही नाही. यादीतल्या सगळ्यांना सकाळीच ‘दिली’ करून ठेवण्याची सवय फार घातक आहे. को-विनवर नाव नोंदवून केंद्रावर न गेलेल्यांना लस मिळाल्याचे संदेश जाऊ लागले, तेव्हा ८ मे २०२१ पासून चार अंकी सुरक्षा कोड आणावा लागला. प्रत्यक्ष समोर आलेल्या माणसाने कोड सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. हा नियम स्वतःला लावून घ्या: बाळ समोर नसेल तर ‘दिली’ नाही.

दोघी असाल तर एकीने लस द्यावी आणि दुसरीने नोंद करावी. लस देणारीने प्रत्येक लशीचं नाव मोठ्याने म्हणावं आणि नोंद करणारीने ते परत म्हणावं. एकटी असाल तर एका बाळाची नोंद पुरी झाल्याशिवाय पुढचं बाळ घेऊ नका. रांग मोठी दिसली की हा नियम मोडावासा वाटतो, पण चुकीच्या बाळावर डोस चढतो तो अशाच वेळी.

सहा आठवड्यांच्या बाळाला एकाच भेटीत पाच लसी असतात: तोंडी पोलिओ, रोटाव्हायरस, पेंटाव्हॅलंट, एफआयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) आणि पीसीव्ही (न्यूमोकोकल लस). नोंदीत नेमकं सुटतं ते तोंडी थेंबांपैकी एक किंवा एफआयपीव्ही. एखादी लस साठ्यात नव्हती म्हणून दिली नसेल, तर ती ‘दिली’मध्ये जाऊ देऊ नका. सगळ्या लसींवर एकदम खूण करण्यापेक्षा एकेक लस पाहून खूण करणं हळू पण खात्रीचं.

आईला सांगायच्या चार गोष्टी आपल्याला पाठ असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढच्या वेळी कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. पाचवी जोडा: नोंद कोणत्या नंबरवर आहे ते सांगा आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून द्या. मी सांगितलेल्यापैकी एकच गोष्ट करायची ठरवली, तर ही करा. पुढच्या गावातल्या आरोग्यसेविकेचं निम्मं काम यामुळे वाचतं.

नेटवर्क गेलं तर: टॅली शीटवर नाव, जन्मतारीख, मोबाईल, लसी आणि बॅच नंबर लिहा. नेटवर्क मिळताच त्याच दिवशी भरा आणि डोसची तारीख सत्राचीच राहील हे पाहा.

सावधान: मोबाईलवर वेळ नोंदली जाते म्हणून कुपीवर लिहायचं सोडू नका. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्याची वेळ कुपीवरच लिहायची. चार तासांनी किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, ती बाद.

## टप्पा ५: उठण्याआधी ताळा

सत्राची जागा सोडण्याआधी दहा मिनिटं काढा. घरी गेल्यावर नोंदीतली चूक सापडत नाही, कारण वापरलेल्या सिरिंज तोवर विल्हेवाटीसाठी गेलेल्या असतात.

समजा आज सहा आठवड्यांची ३ बाळं, दहा आठवड्यांची २, चौदा आठवड्यांचं १ आणि नऊ महिन्यांची २ बाळं आली. इंजेक्शनं किती व्हायला हवीत?

- सहा आठवडे: पेंटा, एफआयपीव्ही, पीसीव्ही. ३ बाळं, ९ इंजेक्शनं.
- दहा आठवडे: फक्त पेंटा, बाकी थेंब. २ बाळं, २ इंजेक्शनं.
- चौदा आठवडे: पेंटा, एफआयपीव्ही, पीसीव्ही. १ बाळ, ३ इंजेक्शनं.
- नऊ महिने: गोवर-रुबेला, एफआयपीव्ही, पीसीव्ही बूस्टर. २ बाळं, ६ इंजेक्शनं.

एकूण २०. यात एफआयपीव्हीच्या ०.१ मिलीच्या ६ आणि ०.५ मिलीच्या १४ एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंज. लस विरघळवायची सिरिंज यात धरायची नाही. जपानी मेंदूज्वराची लस दिली जाते अशा जिल्ह्यात नऊ महिन्यांच्या बाळाला आणखी एक धरा. वेळापत्रक बदललं असेल तर आकडे तसे बदला.

आता यू-विनवरच्या इंजेक्शनच्या नोंदी मोजा. १९ असतील तर एक नोंद सुटली. २१ असतील तर एक जास्त चढली. सिरिंज, टॅली शीट आणि यू-विन हे तीन आकडे जुळल्याशिवाय उठू नका. सिरिंज वाया गेली असेल तर तसं टॅली शीटवर लिहा, म्हणजे ताळा लागतो.

परत आलेल्या कुपींचा हिशेब शीतसाखळी सांभाळणाऱ्याकडे ईविनसाठी, म्हणजे लशींच्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीसाठी, जातो. दहा डोसच्या दोन कुपी उघडल्या आणि नोंद १४ डोसची असेल, तर ६ डोस कुठे गेले याचं उत्तर हवं: वाया गेले, की खुल्या कुपीच्या नियमानुसार परत आले. ईविन कुपी मोजतं आणि यू-विन बाळं. दोन्ही खरं सांगत असतील तर दोन्हीचा मेळ बसतो.

## टप्पा ६: लसीनंतर त्रास झाला तर

गंभीर त्रासाची खबर आधी फोनने वैद्यकीय अधिकाऱ्यांना. ॲप उघडणं त्यानंतर. नोंद करताना बॅच नंबर आणि लस दिल्याची वेळ अचूक हवी, कारण त्याच बॅचची लस आणखी कुणाला दिली गेली हे त्यावरूनच काढलं जातं. टप्पा ४ मधला आळस इथे महागात पडतो.

## टप्पा ७: चूक दुरुस्त करताना

चुकीवर दुसरी नोंद करून ती झाकू नका. चुकीची नोंद तशीच सोडून बरोबर नोंद नव्याने केली, की दुबार नोंद तुम्हीच तयार केलीत.

उपकेंद्रात एक साधी वही ठेवा. तारीख, बाळाचा नोंदणी क्रमांक, काय चुकलं, काय हवं, कुणाला कळवलं, कधी दुरुस्त झालं. नाव आणि मोबाईल बदलण्यासारख्या गोष्टी तुमच्या पातळीवर होतात का ते पाहा. जन्मतारीख, दिलेल्या डोसची नोंद आणि दुबार नोंदी यांचा निर्णय वरच्या पातळीवर जाऊ द्या. बारशानंतर ‘बेबी ऑफ’ काढून खरं नाव लावणं हे दहा आठवड्यांच्या भेटीपर्यंत उरकून टाका.

दुरुस्तीसाठी रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत बंद करा. त्या पानावर वीस आयांची नावं, नंबर आणि पत्ते असतात. नोंदणी क्रमांक आणि चूक एवढं कळवलं तरी पुरतं. लॉगिन आणि पासवर्डही वाटून घेऊ नका. कोणी काय भरलं हे कळलं नाही तर दुरुस्ती कोणी करायची तेही कळत नाही.

## टप्पा ८: महिन्याचे आकडे वाचताना

काम १०० टक्क्यांच्या वर गेलं तर आनंद मानण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, अपेक्षित बाळांचा आकडा कुठून आला. २०११ च्या जनगणनेवरून पुढे नेलेला अंदाज वाढत्या उपनगरात फार कमी पडतो आणि स्थलांतराच्या गावात फार जास्त होतो. तुमच्या घरोघरी गणनेचा आकडा शेजारी ठेवा. दोन, दुबार नोंदी किती आहेत.

मग गळती काढा. पेंटा-१ घेतलेली १०० बाळं आणि पेंटा-३ घेतलेली ८८, म्हणजे गळती १२ टक्के. १० टक्क्यांच्या वर गेली की कारण शोधायचं. त्या १२ बाळांची नावं काढा आणि आधी दुबार नोंद तपासा, मगच घरी जा. दुबार निघालेली वजा झाली की उरतात ती खरी राहिलेली बाळं, आणि आशाताईंची पायपीट त्यांच्यासाठी व्हायला हवी.

पेंटा-१ सुद्धा न मिळालेल्या, म्हणजे ‘झिरो डोस’ बाळांची यादी वेगळी करा. ती ॲपमधून पूर्ण मिळत नाही. टप्पा १ मधली गणना इथे पुन्हा लागते.

## टप्पा ९: गाव सोडणाऱ्या कुटुंबांसाठी

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात पाच-सहा महिने राहतात. सहा आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंतच्या बाळाचे बहुतेक डोस नेमके या काळात येऊ शकतात. देशात कुठेही त्याच नोंदीवर पुढचा डोस घेता येणं हा यू-विनचा सगळ्यात मोठा उपयोग आहे. अट एकच: पलीकडच्या माणसाला ती नोंद सापडली पाहिजे.

निघणाऱ्या गावात, टोळी ठरल्यावर: मुकादमाकडून कुटुंबांची नावं आणि कारखाना विचारून घ्या. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची मुलं वेगळी काढा. देय झालेले डोस निघण्याआधी द्या. कार्डावर नोंदणी क्रमांक आणि नोंदीचा मोबाईल मोठ्या अक्षरात लिहा. फोन गावी आजीकडे राहणार असेल, तर सोबत जाणाऱ्या फोनचा नंबर नोंदीत बदलून घ्या. यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत त्या भागातल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवा.

कारखान्याच्या बाजूला: तळ पडल्यावर पहिल्या पंधरवड्यात गणना करा. आरोग्यसेविकेने सत्र तळावरच घ्यावं आणि सकाळी तोडीला जाण्याआधी किंवा संध्याकाळी परतल्यावर घ्यावं. दुपारी तिथे कुणी नसतं. प्रत्येक बाळाचा आधी शोध, गावच्या नंबरवरसुद्धा. कार्ड हरवलं असेल तर गावच्या आशाताईंना फोन करा. हंगामात तिकडे जन्मलेल्या बाळाच्या आईला परतण्याआधी नोंदणी क्रमांक लिहून द्या, आणि त्या बाळांची यादी गावच्या उपकेंद्राला हंगाम संपण्याआधी पाठवा.